कार्लोव्ही वारी: पाणी फुकट, बाकी सगळ्याचे पैसे

चेक प्रजासत्ताकातल्या कार्लोव्ही वारीला जायचं ठरवलं असेल, तर खर्चाचा अंदाज झऱ्यांपासून बांधू नका. ज्या गरम पाण्यासाठी हे तेप्ला नदीकाठचं गाव प्रसिद्ध आहे, ते पाणी प्यायला एक पैसा लागत नाही. पैसे जातात ते कपात, शौचालयात, खोलीवरच्या करात, नोटा बदलण्यात आणि त्याआधी मुंबईत बसून व्हिसाच्या अर्जात. यातलं काय टळतं आणि काय टळत नाही, ते पुढे क्रमाने सांगतो.

आधी व्हिसा

चेक प्रजासत्ताकासाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा व्हिसा लागतो. त्याचं शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, ६ वर्षांखालच्यांना काही नाही. रुपयांत हे ९ हजारांच्या पुढे जातं. भरणा रुपयांतच होतो. दर वकिलात ठरवते, त्यामुळे गूगलवरचा दर दाखवून खिडकीवर वाद घालू नका. व्हिसा नाकारला तर शुल्क परत मिळत नाही.

अर्ज व्हीएफएस या वकिलातीसाठी अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायचा. त्यांचं सेवाशुल्क वेगळं, ते सगळ्यांना भरावंच लागतं. पण त्यापुढे विचारलं जाणारं जवळजवळ सगळं ऐच्छिक आहे: एसएमएस, पासपोर्ट घरपोच, खास लाउंज, तिथेच फोटो, तिथेच झेरॉक्स. रांगेत उभं राहून घाईत 'हो, हो' म्हटलं की माणशी दोन-तीन हजार सहज वाढतात. फोटो (३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी किंवा फिकट पार्श्वभूमी) गल्लीतल्या स्टुडिओत काढा, झेरॉक्सचे दोन संच घरून न्या आणि एकेका सेवेला स्पष्ट 'नको' म्हणा. घरपोच सेवा मात्र नाशिक-कोल्हापूरच्या माणसाला परवडते. मुंबईची दुसरी खेप त्याहून महाग पडेल.

कोणत्या देशाकडे अर्ज करायचा? ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्याच्याकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. प्राग आणि कार्लोव्ही वारी मिळून चार रात्री आणि व्हिएन्नात दोन असतील, तर चेकच. भेटीची वेळ लवकर मिळते म्हणून दुसऱ्याच देशाकडे अर्ज टाकून द्या, असा सल्ला देणारे एजंट भेटतात. तो सल्ला घेऊ नका. नकार मिळाला तर त्याची नोंद राहते आणि पुढच्या अर्जांत आड येऊ शकते.

मुदती: निघण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, कागद अपुरे असतील किंवा शंका आली तर ४५ पर्यंत. उन्हाळी सुट्टीत जायचं असेल तर भेटीची वेळ मिळायलाच उशीर होतो. मे महिन्यासाठी फेब्रुवारीत हालचाल करा.

कागद: पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी. जुने पासपोर्ट असतील तर तेही. भरलेला अर्ज, विमानाचं आरक्षण, रोजच्या रोज कुठे राहणार याचा पुरावा, बँकेचं शिक्का मारलेलं विवरण, आयकर विवरणपत्रं, नोकरदाराला रजेचं पत्र आणि पगाराच्या पावत्या, निवृत्ताला पेन्शनचा कागद. मूल एका पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र आणि जन्मदाखला. बँकेत आदल्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम आलेली दिसली तर ती फायद्यापेक्षा तोट्याची. कुठून आली ते एका ओळीत लिहून जोडा. विमानाचं तिकीट व्हिसाआधी काढायचंच असेल तर रद्द करता येणारं काढा आणि रद्द करण्याचा आकार आधी वाचा.

प्रवासविमा किमान ३० हजार युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. साठीच्या पुढे हप्ता झपाट्याने चढतो, म्हणून दोन-तीन कंपन्यांचे दर पाहा. आणि हे नीट वाचा: हा विमा अचानक आजारपणासाठी असतो. तुम्ही हौसेने घेतलेले गरम पाण्याचे उपचार, मालिश, चिखलाचे लेप त्यात सहसा बसत नाहीत. आधीपासूनचा मधुमेह किंवा रक्तदाब लपवलात, तर दावा फेटाळायला कंपनीला आयतं निमित्त मिळतं.

गेल्या पाच वर्षांत शेंगेनसाठी बोटांचे ठसे दिले असतील तर ते सहसा पुन्हा घेत नाहीत. गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरले असतील, तर २०२४ पासून भारतीयांना दोन वर्षांचा, अनेक वेळा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो. अर्जात तशी मागणी करा, शुल्क तेच. आणि 'ईटीआयएएस' नावाची परवानगी काढून देतो म्हणणाऱ्या संकेतस्थळांना पैसे देऊ नका. ती व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. सीमेवर ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाली आहे, तिला काहीही शुल्क नाही.

युरो चालत नाहीत, म्हणजे चालतात, पण

चेक चलन कोरुना. एका कोरुनाला साधारण चार रुपये धरा आणि निघायच्या दिवशी दर पाहून घ्या. गावातली बरीच दुकानं युरो घेतात, पण त्यांच्या दराने. तो दर तुमच्या सोयीचा नसतो.

विमानतळावरच्या खिडकीत नोटा बदलू नका. प्रागमध्ये 'कमिशन शून्य' अशी पाटी असते तिथे दर पाहा: कमिशन नाही, कारण दरातच सगळं कापलेलं असतं. बदलण्याआधी कागदावर लिहून मागा, अमुक युरोंचे हातात किती कोरुना देणार? फसलातच, तर चेक कायद्याने तुम्हाला एक सुटका दिली आहे. १००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत, त्याच खिडकीवर, फुकट रद्द करता येतो. त्यासाठी पावती लागते. म्हणून पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ही तरतूद २०१९ पासून आहे, आणि खिडकीमागचा माणूस ती आपणहून सांगणार नाही.

एटीएम वापरायचं तर बँकेच्या शाखेला लागून असलेलं. पर्यटकांच्या रस्त्यावर, दुकानांच्या कोपऱ्यात एकटी उभी असलेली भडक रंगांची यंत्रं जास्त आकारतात. कोणत्याही यंत्रावर, आणि हॉटेलच्या कार्ड मशीनवरही, एक प्रश्न येतो: पैसे रुपयांत मोजू की कोरुनांत? नेहमी कोरुनांत. रुपयांचा आकडा ओळखीचा दिसतो म्हणून हात तिकडे जातो, आणि तिथेच काही टक्के जातात. आपल्या बँकेच्या साध्या कार्डावर परकीय चलनाचा अधिभार बहुधा दोन ते साडेतीन टक्के, वर त्यावर जीएसटी. निघण्याआधी ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू करा. तो बंदच असतो, आणि प्रागमध्ये मध्यरात्री ओटीपी भारतातल्या बंद सिमवर जातो.

कसं जायचं

मुंबईहून प्रागला बहुतेक प्रवास एका थांब्याचा: आखाती देश, इस्तंबूल किंवा जर्मनी. प्रागहून कार्लोव्ही वारी पश्चिमेला साधारण १२५ किलोमीटर. बस घ्या. फ्लोरेंत्स स्थानकावरून दिवसभर सुटतात, सव्वादोन तास लागतात, भाडं साधारण २०० ते ३०० कोरुना, आगाऊ काढलं तर कमी. काही बस प्राग विमानतळावरही थांबतात. थेट गावी जाणार असाल तर तिकीट काढताना तो थांबा निवडा, शहरात जाऊन परत यायचा फेरा वाचतो. रेल्वे वळसा घालून जाते, तीन तासांहून जास्त. रुळांची हौस असेल तरच.

प्रागमधले एजंट 'कार्लोव्ही वारी एक दिवस' अशी सहल बसभाड्याच्या कित्येक पट किमतीला विकतात. त्यात काय असतं? तीच वाट, गावात तीन-चार तास आणि काचेच्या दुकानाला एक सक्तीची भेट. परतीच्या बसचं तिकीट सकाळीच काढून ठेवा, मग त्या सहलीची गरज उरत नाही. शनिवारी-रविवारी संध्याकाळच्या बस भरतात, जागेवर तिकीट मिळेल या भरवशावर राहू नका.

गाडी भाड्याने घेऊ नका. महामार्गासाठी पथकराचं इलेक्ट्रॉनिक स्टिकर, वाहनतळाचे पैसे, आणि एवढं करून झऱ्यांच्या भागात खासगी गाडीला फिरता येतच नाही. टॅक्सी लागलीच तर ॲपवरून बोलवा, भाडं आधी दिसतं.

बसस्थानकापासून झऱ्यांपर्यंत नदीकाठाने चालत वीस-पंचवीस मिनिटं. रस्ता सपाट आहे. आईवडिलांना घेऊन जात असाल तर ही मोठी सोय. मात्र हॉटेल निवडताना नकाशावर अंतरच नव्हे, चढही पाहा. दरी अरुंद आहे, आणि 'झऱ्यांपासून ३०० मीटर' असलेलं स्वस्त हॉटेल बहुधा ३०० मीटर वर असतं.

राहायचं की त्याच दिवशी परतायचं

नुसतं पाहायचं असेल तर सकाळी सातची बस, संध्याकाळी परत. पुरतं. पण एक रात्र राहिलात तर संध्याकाळी सहली निघून गेल्यावर गाव तुमच्या हाती येतं, आणि प्रागपेक्षा खोली अनेकदा स्वस्त पडते. माझं मत विचाराल तर एक रात्र राहा. तीन रात्री नकोत, उपचार घ्यायचे नसतील तर दुसऱ्या दुपारी करायला काही उरत नाही.

खोलीच्या भाड्यावर मुक्काम कर असतो: माणशी रात्रीला ५० कोरुना. १८ वर्षांखाली माफ. आरक्षणाच्या संकेतस्थळावर तो बहुधा दाखवत नाहीत, काउंटरवर रोख मागतात. तो खरा कर आहे, हुज्जत घालू नका, पण याहून जास्त मागितला तर पावती मागा, कारण कायद्याने कमाल मर्यादाच तेवढी आहे. जुलैच्या सुरुवातीला इथे मोठा चित्रपट महोत्सव भरतो, १९४६ पासूनचा. त्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर भलत्या भावात. तारखा पाहून बुकिंग करा. हिवाळ्यात सगळ्यात स्वस्त, थंडीत वाफाळलेले झरेही जास्त छान दिसतात. फक्त अंधार साडेचार वाजताच पडतो.

पाणी कसं प्यायचं

प्यायचे सुमारे १५ झरे आहेत, प्रत्येकाला क्रमांक आणि तापमानाची पाटी. तिकीट नाही, वेळेची चिठ्ठी नाही. खांबांच्या लांब ओसरीत भांडं धरायचं आणि प्यायचं. मिलच्या ओसरीत, म्हणजे वास्तुविशारद योसेफ झितेकने बांधलेल्या १८८१ च्या १२४ खांबांच्या इमारतीत, एकाच छताखाली पाच झरे मिळतात. वेळ कमी असेल तर इथेच या. सगळ्यात मोठा झरा व्रिडलो. त्याचं पाणी सुमारे ७३ अंश सेल्सिअस, मिनिटाला अंदाजे २००० लिटर, कारंजं १२ मीटरपर्यंत उडतं. ते १९७५ च्या काचेच्या दालनात आहे, आणि प्यायला तेच पाणी निववून वेगळ्या नळांना दिलेलं असतं. दालनात शिरलात की चष्म्यावर लगेच वाफ बसते, कॅमेरा पिशवीतून लगेच काढू नका.

इथे एक खास कप विकतात: चपटा, चिनी मातीचा, कानालाच नळी. ती नळी ओठाशी धरून चालत चालत घोट घोट ओढायचं, म्हणजे गरम पाण्याने जीभ भाजत नाही आणि खनिजाचा थर दातांना कमी लागतो. साधा कप दीड-दोनशे कोरुनापासून, सोनेरी काठाचा पुष्कळ जास्त. झऱ्याला लागून असलेल्या टपरीपेक्षा दोन गल्ल्या सोडून तोच कप स्वस्त मिळतो. नकोच असेल तर घरून चिनी मातीचा लहान कप न्या. स्टीलचं भांडं नेऊ नका, हातात धरवत नाही. प्लॅस्टिकची बाटलीही नको.

चव? कोमट, खारट, लोखंडाची. आवडेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आता महत्त्वाचं. या पाण्यात सोडियम सल्फेट असतं, पोट साफ करणारं. इथले डॉक्टर ते औषधासारखं मोजून देतात: कोणता झरा, किती मिली, जेवणाआधी किती वेळ. फुकट आहे म्हणून प्रत्येक झऱ्याचं एकेक भांडं रिचवलंत तर परतीच्या सव्वादोन तासांच्या बसमध्ये पस्तावाल. दोन-तीन घोट, दोन-तीन झरे, बस्स. मूत्रपिंडाचा, हृदयाचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर घरच्या डॉक्टरांना विचारून या, लहान मुलांना देऊ नका. खिशात १० आणि २० कोरुनांची नाणी ठेवा. सार्वजनिक शौचालयाला ती लागतात, आणि हे पाणी प्यायल्यावर नाणं शोधायला सवड नसते.

उपचार, तलाव आणि कपडे

नदीत किंवा झऱ्यात उतरून आंघोळ करता येत नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांची कल्पना घेऊन आलात तर निराश व्हाल. इथे पाणी मुख्यतः पिण्याचं. अंगाला लावायचं ते हॉटेलात किंवा स्नानगृहात, वेळ ठरवून, पैसे मोजून. हॉटेलात न उतरलेल्यांनी एलिझाबेथ बाथ, म्हणजे 'लाझ्ने पाच' नावाच्या १९०६ च्या इमारतीत चौकशी करावी. तिथे एकेक उपचार सुटा मिळतो. उघडा गरम तलाव हवा असेल तर थर्मल हॉटेलचा, टेकडीवर. तो तासांवर विकतात, वेळ उलटली की जादा आकार. कपडे बदलायला लागणारी मिनिटंही त्यातच मोजली जातात. टॉवेल आपला न्या, भाड्याचा महाग. आणि हे आधी कळलेलं बरं: अनेक ठिकाणी सौनाच्या भागात पोहण्याचा पोशाख चालत नाही, चादर गुंडाळून बसतात. सासू-सासऱ्यांना घेऊन तलावाचं एकत्र तिकीट काढण्याआधी त्यात सौना आहे का ते विचारा.

पूर्ण उपचारांचं 'पॅकेज' घेणार असाल तर परंपरेने ते तीन आठवड्यांचं असतं. एका आठवड्याच्या 'पॅकेज'मधून मोठ्या अपेक्षा ठेवू नका. पैसे भरण्याआधी ईमेलवर विचारा: डॉक्टरांची पहिली तपासणी धरली आहे का? दिवसाला किती उपचार? रविवारी मिळतात का? न घेतलेल्या उपचाराचे पैसे परत मिळतात का? जेवण दोन वेळचं की तिन्ही? उत्तरं लेखी ठेवा.

भारतातून टूर कंपनीबरोबर जात असाल तर 'कार्लोव्ही वारी भेट' म्हणजे नेमके किती तास, आणि तिथलं जेवण, केबल रेल्वे, टिप धरली आहे की 'ऐच्छिक', हे विचारा. बिलात टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा आयकर लागेल. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्रात परत मागता येतो. फक्त रक्कम तुमच्याच पॅनवर भरली गेली ना, ते तपासा. मुलाने आईवडिलांचे पैसे भरले की इथे घोळ होतो.

काय पाहायचं, कशाला पैसे द्यायचे

गावाचा इतिहास तुम्हाला तिकिटाशिवाय, चालता चालताच भेटतो. सम्राट चार्ल्स चौथ्याने १३७० मध्ये या वस्तीला शहराचे अधिकार दिले, नाव त्याचंच. १९३५ मध्ये व्हिएन्नातल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर सुभाषचंद्र बोस इथे प्रकृती सुधारायला राहिले होते. २०२१ मध्ये युनेस्कोने सात देशांतल्या ११ स्नाननगरांना एकत्र वारसा यादीत घेतलं, त्यात हे एक. एवढं पुरे.

फुकट: सगळ्या खांबओसऱ्या, मारिया माग्दालेनाचं चर्च, नदीकाठचा रस्ता आणि १७०१ पासूनच्या पुप हॉटेलचा दर्शनी भाग. २००६ च्या 'कॅसिनो रोयाल'मध्ये दिसतं ते हेच. आत कॉफी घ्यायची तर दर बाहेरच्या पाटीवर वाचून मग बसा. पैसे देण्यासारखं: पुपच्या मागून डायना टेकडीवर जाणारी १९१२ ची केबल रेल्वे. जाण्याचंच तिकीट काढा, येताना जंगलवाटेने उतरा. उतार सौम्य आहे, अर्धे पैसे वाचतात, आणि वाटेत दरीचं दृश्य दिसतं ते डब्यातून दिसत नाही. गुडघे दुखत असतील तर मात्र दोन्ही बाजूंचं काढा. सोडून द्यावं असं: नदीकाठची घोडागाडी. दर विचारलात की कळेल.

शाकाहाऱ्यांनी 'स्माझेनी सिर' हे नाव पाठ करावं: चीजचा जाड तुकडा पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला, सोबत बटाटा. जवळजवळ प्रत्येक साध्या हॉटेलात मिळतो. सूप बहुधा मांसाच्या पाण्याचं असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. नदीपासून दूर, बसस्थानकाच्या बाजूला दुपारचं जेवण माणशी अडीचशे-तीनशे कोरुनांत होतं, झऱ्यांच्या समोर त्याचे दीडपट-दुप्पट. टेबलावर न मागता आलेला पाव किंवा खारी बिस्किटं खाल्लीत तर बिलात येतात. साधं पाणीही विकतच. टिप साधारण दहा टक्के, सेवा आवडली तर. बिलात आधीच सेवाशुल्क लावलं असेल तर पुन्हा देऊ नका.

दोघांचा एक दिवसाचा हिशेब, प्रागहून प्राग: बस हजार कोरुना, जेवण सहाशे, केबल रेल्वे, कॉफी, गरम ओप्लात्की (ताटाएवढ्या गोल, पातळ, आत साखर-बदामाचा थर, सुट्या घ्या, डबा शेवटी) आणि किरकोळ नाणी धरून आणखी सहाशे ते नऊशे. म्हणजे बावीसशे ते अडीच हजार कोरुना, आपले साधारण नऊ ते दहा हजार रुपये. कप, काच आणि तलाव यात नाही.

खरेदीत कागदाचं गुलाब झऱ्याच्या पाण्यात ठेवून त्यावर तपकिरी खनिजाचा थर चढवलेलं मिळतं. स्वस्त आहे, दिसायला विचित्र आहे, आणि दुसरीकडे मिळत नाही. पण ते ठिसूळ असतं, कपड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेत न्या. क्रिस्टल घ्यायचं तर मोझेर या १८५७ पासूनच्या इथल्या काचकंपनीच्या मालावर नाव कोरलेलं असतं. नाव नसलेल्या 'बोहेमियन' काचेला त्या भावाचे पैसे देऊ नका. एका दुकानात एका दिवशी २००० कोरुनांहून जास्त खरेदी झाली तर करपरताव्याचा फॉर्म मागा, पासपोर्ट दाखवावा लागतो. फॉर्मवर सीमाशुल्काचा शिक्का युरोपीय संघ सोडताना शेवटच्या विमानतळावर मिळतो: प्रागहून दुबईमार्गे जात असाल तर प्रागला, फ्रँकफर्टमार्गे जात असाल आणि वस्तू हातातल्या बॅगेत असतील तर फ्रँकफर्टला. वस्तू दाखवायला सांगू शकतात, म्हणून चेक-इनच्या बॅगेत टाकणार असाल तर बॅग देण्याआधी शिक्का घ्या. रांगेसाठी एक तास जादा ठेवा. बेखेरोव्का या इथल्या मद्याची बाटली मात्र चेक-इनच्याच बॅगेत, नाहीतर सुरक्षा तपासणीत ती तिथेच राहील.